सिदोनची काचभट्टी आणि तिची वारस

मी, अब्दएश्मुन गेरसकोन, धंदा काच फुंकण्याचा, राहणार सिदोन, बंदरामागची गल्ली, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. कोणी दडपण आणलेले नाही; तेवढे धारिष्ट या घरात कोणात नाही.

१. राहते घर पत्नी बतनोआम हिचे, ती हयात असेतो. माझी बडबड तिने जन्मभर ऐकली. त्यापुढे घर किरकोळ आहे.

२. थोरला मुलगा बोदअश्तार्त यास मातीचे सगळे साचे. साच्यात फुंकले की दर कुपी सारखी निघते, वर बनवणाऱ्याचे नावही उमटते. चिरंजीवांना कामापेक्षा नावच प्रिय. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! गेल्या उन्हाळ्यात रोमन गिऱ्हाइकाला दाखवायला त्याने राखेत निवत ठेवलेली सुरई गरमच बाहेर काढली.

"अरे गाढवा, ठेव ती! रात्रभर निवू दे!" मी ओरडलो.

"बाबा, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते," असे तो म्हणतोय तोच सुरई तडकली आणि गिऱ्हाइकाच्या हातात नुसता कान उरला. सबब, भट्टी त्याला मिळणार नाही.

३. भाऊ हिमिल्क यास अंगणातला फुटक्या काचांचा ढीग. फुटकी काच वितळवून नवी म्हणून विकण्यात त्याचा हातखंडा आहे.

४. भट्टी, फुंकण्या व चिमटे मुलगी अरिशत हिला. साच्याशिवाय, नुसत्या फुंकरीवर ती असा पातळ पेला काढते की गल्लीतले सारे उस्ताद तिच्यापुढे पाणी भरतील.

इथवर लिहून झाले तोच ती म्हणाली, "मला नको भट्टी, बाबा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"तुमची छाती रात्रभर घरघरते, ती मी ऐकते. फुंकून फुंकून संपलात तुम्ही. मला नाही असं मरायचं."

मला संताप आला. वाईटही वाटले, खोटे कशाला बोलू?

लेखनिकाने वरचे कलम खोडू नये. पुढे एवढेच जोडावे. भट्टी अरिशतचीच. ती पेटती ठेवायची की विझवायची, हे तिने ठरवावे. विझली की आतली काच थिजून ती वितळवायची कुंडी फुटते आणि सगळे नव्याने बांधावे लागते, हे तिला ठाऊक आहे. तरीही तिने विझवलीच, तर कोणी तिला बोल लावू नये. मी लावला असता. पण तोवर मी गेलेला असेन.

अब्दएश्मुन याची निशाणी

साक्षीदार: मत्तन, वाळूच्या होडीचा नावाडी; हन्नो, कुंभार

सिदोन, द्राक्षतोडणीचा महिना, नगरशक १४१