सात कॅल्क्युलेटर आणि एक वजाचे चिन्ह

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त पूल-अभियंता, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. शुद्धीबाबत पत्नीचे मत वेगळे असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नीस. माझ्या खोलीतले कपाटही तिचेच. त्याला ती चाळीस वर्षे 'सवतींचं कपाट' म्हणत आली आहे.

२. सदर कपाटात प्रोग्रॅम भरता येणारे सात जुने सायंटिफिक कॅल्क्युलेटर आहेत. पैकी सहा मुलीस. हे सगळे फोनमध्ये असते असे ती म्हणते, आणि ते खरे आहे. तरी सेल काढून ठेवावेत. ते गळले की आतले सारे खाऊन टाकतात. आठवा मी तसाच गमावला आणि खापर मेहुण्यावर फोडले. मेहुण्याची याद्वारे निर्दोष सुटका करीत आहे.

३. सातवा, छोट्या चुंबकीय पट्ट्यांवर प्रोग्रॅम साठवणारा, आमच्या कचेरीतल्या आरेखक बाईंना. कारण लिहिणे भाग आहे. नदीवरच्या पुलाच्या खांबांच्या जागा मी त्यावर काढल्या. तिसरा खांब शाळेच्या पटांगणात येतोय, असे मुकादमाने कळवले. यंत्र चुकत नसते, असे मी त्यालाच सुनावले. बाईंनी दोन पाने आकडेमोड हाताने केली. तेविसाव्या ओळीत मी वजाचे चिन्ह द्यायला विसरलो होतो. साहेबांपुढे मात्र मी बाईंनी काढलेला नकाशा चुकल्याचे सांगितले. बाईंची बढती चार वर्षे अडली. त्या मला एवढेच म्हणाल्या, "यंत्राला लाज नसते. तुम्हाला असेल असं वाटलं होतं."

दुरुस्ती: कच्चा मसुदा वाचून मुलगी म्हणाली, "मेल्यावर माफी मागायला काय जातं, बाबा?" म्हणून काल बाईंच्या घरी गेलो. दारातच मसुदा पुढे केला. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, पेन मागून घेतले आणि बढतीच्या वर्षांतले 'चार' खोडून 'सहा' केले. मग आत या म्हणाल्या. दुसरा साक्षीदार अजून मिळाला नसल्याचे मी बोलून गेलो.

साक्षीदाराला मृत्युपत्रातले काही घेता येत नाही, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होते. म्हणाल्या, "देणगी तेवढी खोडा. कारण खोडू नका. उद्या मी सहीला येते."

सबब सातवाही मुलीस.

ठिकाण: राहते घर. दिनांक: ९ फेब्रुवारी.

लिहून देणार: (सही)

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१. (सही) निवृत्त मुख्य आरेखक
२. (सही) घरचे डॉक्टर