अर्जातली आजारी आई

तीर्थरूप आकारामतात्यांना,

पुतण्या जयराजचा टाचा जुळवून नमस्कार. तुमचा गुडघा, काकूंची शुगर आणि गाभण म्हैस या तिघांची खुशाली कळवा (म्हैस व्याली असेल तर आधी तिची). मी इथं दिल्लीपलीकडच्या विद्यापीठात मजेत आहे, निदान पुढचा परिच्छेद वाचेपर्यंत तसंच समजा. फोन केला नाही, कारण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि हे अख्ख्या पलूसनं ऐकण्यासारखं नाही. तुमच्या वीरधवलच्या मोबाइलवर पत्र पाठवतोय, तो छापून तुमच्या हातात देईल. चष्मा लावून एकट्यानं वाचा.

हे विद्यापीठ सोडून दुसऱ्या वर्षाला पुण्यात जायचं मी ठरवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, दाखला दिला की काम झालं. पण पुण्याच्या विद्यापीठाला निबंध हवा होता. सहाशे शब्द, विषय असा की आहे ते ठिकाण तुम्हाला का सोडायचं आहे? माझं कारण चार शब्दांचं होतं. इथं मला करमत नाही. पण फौजेतल्या सुभेदाराच्या पुतण्यानं हे लिहायचं कसं? शिवाय मी निघालो तेव्हा तुम्ही स्टँडसमोर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता (खाली शुभेच्छुक म्हणून तेवीस फोटो, त्यातले निम्मे मी आजवर पाहिलेले नाहीत). तो अजून तिथंच आहे म्हणे.

म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "बदलीच्या अर्जात आपलं रडगाणं गायचं नसतं गड्या. आई सिरियस लिव्हायचं. सव्वीस वर्सं लिव्हलं, सायेब कवा न्हाई म्हनला न्हाई." (आमची आजी एकोणनव्वदाव्या वर्षी गेली. त्याआधी तुमच्या रजा-बदलीच्या अर्जांत ती अकरा वेळा अत्यवस्थ होती, हे मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवं होतं.)

मी मान डोलावली आणि लिहायला बसलो. पण 'आई सिरियस' एवढ्यानं सहाशे शब्द भरेनात. आईला साध्या तापानं झोपलेलंही मी कधी पाहिलेलं नाही, त्यामुळं सगळं मनानंच रचत गेलो. लिहिलं, की आई एका खोलीत पडून असते. ताट समोर येतं, पण दोन घासांपुढं जेवण जात नाही. संध्याकाळी दाराबाहेरून लोक हसत जातात, ते कशाला हसतात ते तिला कळत नाही. कुणी विचारलं तर ती 'बरं चाललंय' म्हणते आणि विचारणारा पुढं गेला की दार लावून घेते. रविवारी तर दिवसभर तिच्या तोंडून शब्द निघत नाही, कारण बोलायला समोर कुणी नसतं. लिहिता लिहिता मलाच तिची कीव आली. अर्ज पाठवून दिला.

अर्जात पालकांचा नंबर मागितला होता, तो मात्र मी खरा दिला. (खोटं बोलण्याचं शिक्षण अर्धवट राहिलं की असं होतं.) मंगळवारी पुण्याच्या प्रवेश कार्यालयातल्या उत्कर्षा मॅडमनी माणुसकीनं फोन लावला आणि पेशंट कसा आहे म्हणून विचारलं. आई तेव्हा उसाला पाणी पाजत होती. "कोन पेशंट?" म्हणाली. मॅडम गोंधळल्या. खात्री करायला त्यांनी अख्खा निबंध वाचून दाखवला. आई बांधावर उभी राहून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बाई, आमच्या घरात नऊ मानसं. मला एकटीला खोली कुठली? ह्यो माझा आजार न्हाई. ह्यो माझ्या जयराजचा हाय."

हे मला मॅडमनीच सांगितलं (बांधावरचं तेवढं वीरधवलनं). त्या रागावल्या नाहीत. हा निबंध रद्द, सोमवारपर्यंत खरा लिहून पाठव, नाहीतर यंदाची जागा गेली, एवढंच म्हणाल्या. आईचा मात्र मला अजून फोनच आलेला नाही. वीरधवलकडून कळलं, की तिनं मिरजेहून दिल्लीच्या गाडीचं शुक्रवारचं तिकीट काढायला लावलंय.

पत्र लिहायचं कारण हेच. तिला थांबवा. ऊसतोडीची टोळी कधीही येईल, ती कोल्हापूरच्या पुढं कधी एकटी गेलेली नाही, आणि माझ्या भाड्याच्या खोलीत दुसरी कॉट नाही. तिला सांगा, मी धडधाकट आहे, वजन फक्त सहा किलो उतरलंय. खरा निबंधही सुरू केलाय. 'इथं मला करमत नाही' हे पहिलं वाक्य झालं. आता पाचशे शहाण्णव शब्द उरलेत.

काकूंना नमस्कार, म्हशीला चारा.

तुमचा,
जयराज

ता. क. : तात्या, एक विचारायचं राहिलं. त्या अकरा वेळी आजी तर ठणठणीत होती. मग तिकडं सीमेवर तुम्हाला नक्की काय होत होतं? सोमवारच्या आत सांगा, निबंधाला उपयोग होईल. फोन केलात तरी चालेल, स्पीकर बंद करून.

आणखी एक : वर आईला थांबवा असं लिहिलंय, ते वाचू नका. दुसरी कॉट मी सकाळीच घरमालकांकडून मागून आणली आहे.