न बदललेली कूस

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा गाद्या व सोफे भरण्याचा, राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य बाकीचे लोक सवयीने लिहितात. मला ते पुराव्यानिशी लिहावे लागते, कारण भर न्यायालयात मला भ्रमिष्ट ठरवण्याचा प्रयत्न झाला आहे. म्हणून आज सकाळी डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी दोनापर्यंत आलो आणि म्हणालो, "आता पुढे जायचं तर पाच उसने आणावे लागतील." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही मुलाला दिले होते. ते मी रद्द करतो.

१. माझे दोन खोल्यांचे घर स्वकष्टार्जित आहे. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही, तेव्हा त्यावर कोणी हक्क सांगू नये. हे घर मी मावशीला देतो. मावशी म्हणजे माझ्या नात्यातली कोणी नव्हे. आम्हा नवरा-बायकोला ज्या वृद्ध शुश्रूषा केंद्रात ठेवले होते, तिथे ती बायकांच्या मजल्यावर कामाला होती. तिला हे घर का, हे कोणी विचारलेच तर कलम तीन वाचावे.

२. केंद्रात आम्ही कसे गेलो, ते आधी लिहितो. माझ्या पत्नीला अर्धांगवायू झाला आणि तिची डावी बाजू गेली. वर्षभर मी तिचे सगळे केले. मग मी जिन्यावरून पडलो आणि खुबा मोडला. मुलाने दोघांना केंद्रात नेऊन ठेवले. यात मी त्याची चूक धरत नाही. त्याची नोकरी होती, संसार होता. त्याची चूक पुढे आहे.

केंद्रात पुरुष वर, बायका खाली. भेट चार ते पाच. पहिल्या आठवड्यातच मी पाहिले की हिचे पाणी डाव्या बाजूला ठेवलेले असते. ज्या बाईचा डावा हात लुळा, तिच्या डाव्या हाताशी पाणी ठेवणे म्हणजे ताट वाढून हात बांधणे. मी सांगितल्यावर उजवीकडे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. मग हिची अंगठी बोटातून गळून पडली, इतकी ती वाळली. मग ती भेटीच्या वेळी झोपेतच असायची, हाक मारली तरी डोळे उघडायचे कष्ट पडत. उजव्या मनगटावर पट्टीचा वळ दिसला, तेव्हा मी केंद्राच्या संचालकाला गाठले. आम्ही त्याला साखरतोंड्या म्हणत असू.

"काका, त्या उठायला बघतात. पडल्या तर तुम्हीच आम्हाला बोलाल," तो म्हणाला.

"आणि घंटेची वायर कुठे गेली?"

"सारखी वाजवतात हो. बाकीच्यांना त्रास होतो."

एके दिवशी ही शुद्धीवर होती. म्हणाली, "अहो, मला कुशीवर करा ना कोणीतरी." मी वॉकर धरून उभा होतो. पन्नास वर्षांच्या संसारात तिने मागितलेली इतकी लहान गोष्ट मला करता आली नाही. मी दारात जाऊन ओरडलो, तर मलाच वर नेले आणि आठवडाभर भेट बंद केली.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला सगळ्यांतच खोट दिसते. दुसऱ्याने भरलेली गादी तुम्हाला कधी आवडलीय का?" बोलणे लागेल असेच होते, आणि लागले.

३. भेट पुन्हा सुरू झाली त्या दिवशी मावशी जिन्यात माझ्या जवळून जाताना पुटपुटली, "काका, आज डॉक्टर येणारेत. त्यांना पाठ बघायला सांगा. माझं नाव घेऊ नका." मी सांगितले. बाहेरच्या त्या डॉक्टरांनी पाठ पाहिली, पडून पडून झालेली जखम पाहिली आणि तासाभरात हिला मोठ्या रुग्णालयात हलवले.

रिकाम्या खाटेशी मी एकटाच उरलो. लोकांच्या उसवलेल्या उश्या शिवून देण्यासाठी माझी लहान कातर जवळ असे. मी गादीची खोळ उसवली. मधला फोम कुजून काळा पडला होता. हात घातला तर खालची फळी लागली. तो तुकडा कापून मी पिशवीत घातला.

ही नवव्या दिवशी गेली. मावशीने कूस बदलल्याच्या तक्त्याच्या प्रती मला आणून दिल्या. दर दोन तासांनी सह्या. ज्या दिवशी ही सकाळपासून रुग्णालयात होती, त्या दिवशीही संध्याकाळपर्यंत तिची कूस पाच वेळा बदललेली होती आणि शेरा होता : जेवण पूर्ण घेतले. मावशीने न्यायालयात हे शपथेवर सांगितले आणि नोकरी गमावली. म्हणून घर तिला.

४. दाभण, वाकड्या सुया, मोठी कातर आणि शिलाई मशीन हेही मावशीला. ती दोन वर्षे माझ्याकडे काम शिकते आहे. टाका अजून लांब घालते. लहान कातर न्यायालयात जमा आहे, ती सोडवून घ्यावी.

५. साखरतोंड्याला काही नाही. त्याने माझ्या अंत्यसंस्काराला येऊ नये. रहिवासी गेला की फुले घेऊन पहिला तोच हजर असतो. आला तर त्याला दारातून परत पाठवावे, फुलांसकट.

६. खटला. हे कलम वकीलबाईंसाठी आहे, त्यांनाच मी या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक नेमतो. अशा केंद्रांच्या सरकारी तपासणी कार्यालयात मी आधी तोंडी सांगितले, ते वाऱ्यावर गेले. मग लेखी दिले आणि पोच घेतली. अधिकारी आले, पण आदल्या दिवशी कळवून. सगळीकडे नव्या चादरी होत्या. त्यानंतर मी वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी रुग्णालयाचे कागद, तक्त्याच्या प्रती, गुंगीच्या औषधांची यादी आणि माझी पिशवी मागून घेतली. पोलिसांत वेगळी तक्रार, भरपाईचा वेगळा दावा. ज्यांच्या घरचे माणूस अशा जागी आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : पोच घेतल्याशिवाय हातातला कागद सोडू नये.

उलटतपासणीत त्यांच्या वकिलाने मला विचारले, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी पंचेचाळीस वर्षं गाद्या भरतोय. ही गादी सहा महिन्यांत एकदाही उलटलेली नाही. आणि गादी उलटायची तर आधी माणूस उचलावा लागतो."

त्यानंतरच मला भ्रमिष्ट म्हणायला सुरुवात झाली. तीन वर्षांनी निकाल आमच्या बाजूने लागला. केंद्राचा परवाना निलंबित झाला. खोट्या नोंदींचा फौजदारी खटला चालू आहे, आणि भरपाईवर साखरतोंड्याने अपील केले आहे. मी मेल्याने हे काही थांबणार नाही. गप्प बसण्याच्या अटीवर तडजोड आली, तर रक्कम न ऐकताच ती नाकारावी. भरपाई मिळाल्यास त्यातून त्या केंद्रातल्या इतर रहिवाशांचे दावे चालवावेत.

७. मुलगा. ही गेली त्या दिवशी रुग्णालयात केंद्राच्या माणसाने त्याच्यापुढे एक कागद ठेवला : आमची काही तक्रार नाही. त्याने सही केली. "बाबा, सही केली की आईला लगेच ताब्यात देतात म्हणे." मी बाजूलाच बसलो होतो. मला विचारले नाही. त्या सहीने गुन्हा माफ होत नाही असे न्यायालयाने सांगितले, पण तो कागद आमच्यावर तीन वर्षे फेकला गेला.

रुग्णालयातल्या परिचारिकेने नोंदीसाठी जखमेचे अकरा फोटो काढले होते. मुलगा म्हणाला, "मला आई तशी आठवायची नाही." मलाही नव्हती. हे अकरा फोटो मी मुलाला देतो. पाकीट बंद केलेले नाही.

८. पुढे माझे हातपाय किंवा वाचा गेली, तर माझ्या उपचारांविषयी मावशीने ठरवावे. तसा वेगळा कागद केला आहे. मला कुठे ठेवायची वेळ आलीच, तर तिने न कळवता, वेगवेगळ्या वेळी यावे आणि पांघरूण काढून पाहावे. मला लाज वाटणार नाही.

९. हे आजच का लिहिले? काल, रविवारी, मुलगा दुकानात आला. मी एका खुर्चीची बैठक ताणत होतो. तो उभ्यानेच म्हणाला, "बाबा, आता मिटवा. अपील, फौजदारी... तुमच्या मागे हे सगळं मलाच निस्तरावं लागेल."

मी तोंडातले खिळे काढून हातात घेतले. म्हटले, "नाही. तुला नाही लागणार."

आणि आज सकाळीच वकीलबाईंना बोलावले.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला, दोन ठिकाणी दुरुस्त करवला. मावशी साक्षीदार म्हणून सही करायला निघाली होती; ज्याला मिळते त्याने साक्ष करायची नसते, असे सांगून वकीलबाईंनी तिला बाहेर बसवले.

स्थळ : दुकानाची मागची खोली
तारीख : अठरा नोव्हेंबर, सोमवार, सकाळी अकरा

लिहून ठेवणार : सही, गादीवाला

आम्हा दोघांसमोर त्याने सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर :
१. सही, शेजारचा कुलूपवाला
२. सही, डॉक्टर. सही करताना त्याचा हात थरथरत नव्हता, हेही मी नोंदवतो.