वाणाचे डबे

१६ जानेवारी २००६, दारव्हा
काल सामान लागलं. घर लहान आहे, पण अंगणात ऊन भरपूर, आणि कॉलेजची प्रयोगशाळा, जिथे मी सहायक म्हणून रुजू झाले, चालत जाण्याइतकी जवळ. हे पुसदला असतात, रविवारी येतील. माझ्या सात वर्षांच्या मुक्ताला लगेच मैत्रीण मिळाली: शेजारच्या मथुराबाईंची नात वैष्णवी. ती नऊ वर्षांची आहे हे खरं वाटेना. माझ्या खांद्याला लागते. संध्याकाळी मथुराबाईंनी हळदीकुंकवाला ओढूनच नेलं. वाण म्हणून झाकणाचा लाल प्लास्टिकचा डबा. पूर्वी त्या स्टीलच्या वाट्या लुटायच्या. यंदा कापसानं झोपवलं म्हणाल्या, पण "वाण चुकवून कसं चालन, ताई?"

५ फेब्रुवारी
काल रथसप्तमी झाली, हळदीकुंकवं संपली. स्वयंपाकाच्या ओट्यावर लाल डब्यांची उतरंड लागली आहे. सगळे एकाच भट्टीतले. मथुराबाईंचे दीर किसनराव कितीतरी वर्षं गावाबाहेर जुनं प्लास्टिक वितळवून डबे, घमेली करतात; गल्लीत घरोघरी वापरात तेच. मुक्तानं आपल्या डब्यावर गुलाबी नेलपॉलिशनं फुलं काढली. रोज त्यातूनच गरम खिचडी नेते. डब्याला एक वास येतो. चिंच, राख, ऊन, सगळं करून पाहिलं. बाकी कोणाला येत नाही म्हणे. माझंच नाक नाजूक असेल.

२ एप्रिल
मुक्ताला आठ पूर्ण झाली. दाराच्या चौकटीवर उंचीची रेघ मारली. जानेवारीच्या रेघेपेक्षा चांगली चार बोटं वर. हे खूश झाले. मीही झाले असं लिहिते, पण नक्की सांगता येत नाही. या गल्लीत मुली दोरीवर उड्या मारत नाहीत. ओट्यावर पोक्त बायकांसारख्या बसून असतात. सगळ्या एका उंचीच्या.

१८ जून
मथुराबाईंकडे विषय काढला. त्या हसल्या. वैष्णवीला आठव्या वर्षीच पाळी आली, पलीकडच्या दोघींनाही. "आपल्या गल्लीत लवकरच येते. कायले जीवाले घोर लावता?" वैष्णवीला दोन वर्षांत नवा फ्रॉक शिवावा लागला नाही, हेही त्यांनी कौतुकानंच सांगितलं.

९ जुलै
भट्टीवर जाऊन आले. अंगणात शेताशेतांतून गोळा केलेल्या फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांचा ढीग. मी विचारलं, तर किसनराव अभिमानानं म्हणाले, "आगीत कायचं जहर राह्यते, मॅडम?" घरी येऊन डबा उलटा केला. बुडाशी गडद लाल ठिपके. बाटल्यांवरच्या विषाच्या लाल खुणेचेच असतील कशावरून? नुसता रंगही असेल. तपासायला आमच्या प्रयोगशाळेत साधन नाही. तरी सगळे डबे भंगारवाल्या बाईला देऊन टाकले. मुक्ता फुलांसाठी रडली.

२१ ऑगस्ट
यवतमाळला मुक्ताच्या हाताचा एक्स-रे काढला. हाडं बारा वर्षांची आहेत. डॉक्टर म्हणाले, काही रसायनं शरीराला खोटा निरोप देतात, मोठं हो म्हणून. पण हे त्या डब्यामुळेच झालं असं त्यांना म्हणता येणार नाही. वाढ आधी धावते, मग थांबते ती कायमची. इंजेक्शनं आहेत, वेळेत सुरू केली तर. हे म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. मी वाद घातला नाही. का घातला नाही?

३ सप्टेंबर
मुक्ताचं पोट दुखतं. ओट्यावर बसून असते. तिच्या केसांना डब्याचा वास— तेलाचा असेल. तेल बदललं. ह्यांना सांगितलं, पुढच्या सोमवारी इंजेक्शनासाठी नेतेच. उंची मोजली. रेघ तीच.

११ सप्टेंबर
पाळी आली. यवतमाळला जायचं राहिलं. मी रडले नाही, कपडे धुतले. मथुराबाईंना मी सांगितलं नव्हतं, दोरीवर पाहिलं असेल. उद्या ओटी भरायची म्हणतात. मी नको म्हटलं. मोठ्यानं म्हटलं का, आठवत नाही.

१२ सप्टेंबर
बायका अंगणात. आत येऊन लिहिते आहे. मुक्ता पाटावर, हिरवं नेसून, हसते आहे. आहेर म्हणून नव्या डब्यांची चळत. भट्टीतून सरळ आणलेले, अजून कोमट. एक उलटा केला. लाल ठिपके. त्यांत गुलाबी. नेलपॉलिशचा.

मथुराबाई त्यातच खीर वाढताहेत, वाफाळती. उठायला हवं—

मुक्ता आली. चौकटीला पाठ लावून उभी राहिली, रेघ मार म्हणते. तीच रेघ. तिच्या जागी वैष्णवी येऊन उभी राहिली. तीच. मग पलीकडची— रांग अंगणापर्यंत— मुक्ताच्या हातात डबा, तिनं झाकण— मुक्ता, खाऊ न—