या वयात कशाला

प्रिय दादा,

तुला सांगितलं तशी मी सहलीला गेलेच नव्हते, दवाखान्यात होते. कॅन्सरमुळे काढलेल्या स्तनाच्या जागी डॉक्टरांनी माझ्याच पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवा स्तन केला. माझ्या सुटलेल्या पोटाला तू कायम हसायचास, बघ कसं कामी आलं!

गेल्या वर्षी मी पडद्याआड कपडे घालत होते आणि बाहेर तू डॉक्टरांना सांगून मोकळा झालास, "नवा वगैरे काही नको. या वयात कशाला?" मी सगळं ऐकलं. तू रोज मला रेडिएशनला नेत होतास, बाकावर ताटकळत होतास. उलट बोलायला जीभ रेटेना.

त्या पंचवीस दिवसांत छातीची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. तरी मी गाडी शिकवायला जातच राहिले, सीटबेल्टखाली मऊ रुमाल ठेवून. शिकणारीने कचकन ब्रेक मारला की पट्टा नेमका तिथेच काचायचा. कातडी बरी व्हायला वर्षभर थांबले, मग एकटीच जाऊन ऑपरेशनच्या कागदांवर सही करून आले.

आज पट्टी निघाली. व्रण आहेत, थोडं वाकडंही आहे. आरशासमोरून हलावंसं वाटेना.

हे पत्र तुला देणार नाही. आत्ताच फोन करून तुला दवाखान्यात बोलावलंय. सगळं तोंडावर सांगेन. तू चिडलास तर चिड. मी माफी मागणार नाही, आणि घरी मात्र तूच सोडायचंस.

तुझीच,
हट्टी धाकटी