प्रणालीचा कागद, विलासचं अक्षर

८ जुलै, सोमवार

भंडाऱ्याहून आत्ता आलो. मनाच्या दवाखान्यातल्या मॅडमनं या वयात मलेबी अभ्यास देल्ला. म्हणे आजी, घरी जे दिसन ते रोज वहीत लिवा. मी म्हनलं, मी तिसरी शिकली. त म्हणे चालते. चालते त चालते, लिवून राहिली.

माह्या नातीले, प्रणालीले, कागद देल्ला, आठ दिवसाचा. कानात आवाज आला का तो काय म्हणे ते लिवाचं, मंग आपन काय केलं तेबी. आपली वेणी आपन घालाची. तलावाच्या पारीवर, बांधावर, एकटीनं जाऊन याचं. खाली घरच्या मानसाची सही. सही मले चांगली येते, बचत गटात शिकली. अध्यक्षीणबाईपेक्षा माही सही सरळ आहे, तिलेबी ठाऊक आहे.

१० जुलै

वेणी घातली पोरीनं. भांग असा वाकडा का कानाकडेच चालला. पन सोताची. दोन वर्सांत पयल्यांदा. मी हात मांडीखाली दाबून बसली, नाही त जातेच डोक्याकडे. लहानपनी हिचे केस कमरेपर्यंत होते, तेल घालता घालता माहा हात दुखे... राहू दे. इतकी खुशी झाली का वरनात दोनदा मीठ पडलं. माह्या पोरानं, विलासनं, ताट सरकवलं. पोरीनं पाहिलं वरनाकडे, बराच वेळ पाहिलं, अन् खाल्लं.

११ जुलै

पारीवर जाऊन आली. एकटी. म्हंजे मी मागून गेली, पन तिले दिसू नाही म्हनून बेशरमाच्या झाडात उभी राहिली. लुगडं चिखलानं भरलं. धानाच्या रोवण्याले चाललेल्या बायांनी पाहिलंच. म्हणे आजी, काय शोधून राहिल्या? मी म्हनलं, बकरी. आमच्या घरी बकरी नाही.

१३ जुलै, शनिवार

डोकं भणभणून राहिलं.

विलास, प्रणालीचा बाप. शाळेत गुरुजी. दुसऱ्याच्या लेकराचे पेपर तपासता तपासता हिचाबी कागद लाल पेन घेऊन तपासाले बसला. म्हणे, असं गिचमिड दाखवाचं काय, गुरुजीची पोरगी आहे. नवा कागद घेतला. मोत्यासारख्या अक्षरात लिवलं, आवाज नाही, झोप चांगली, जेवन वेळेवर. तिचा फाडला अन् पानी तापवाच्या चुलीत टाकला. मंग मले म्हणे, आई, इथं सही कर.

मी केली.

चश्मा नव्हता म्हनून वाचलं नाही, असं लिवणार होती. पन चश्मा डोक्यावर होता. सहीची हौस नडली मले.

१४ जुलै

प्रणालीले इचारलं, काय लिवलं होतं बाई तू? चुलीकडे पाहत बोलली.

"आवाज म्हणते, जेवू नोको, बाबानं इख टाकलं. मी तरी जेवली."

एवढंच होतं कागदावर. मी तरी जेवली. केवढं मोठं काम केलं पोरीनं, अन् ह्यानं जाळलं.

विलासले अंगनात धरलं. त म्हणे, बाप इख देते म्हनून दवाखानाभर वाचतीन काय? म्हणे चांगला कागद पाहून डॉक्टर गोळी कमी करन, पोरीचं लग्न जमन. मी म्हनलं, "कागदात नाही लिवलं त तिच्या कानात बंद होईन काय रे?" मांगं गोळी सुटली होती तवा पोरगी तीन दिवस गायब, तुमसरच्या पुढं बपेऱ्याच्या रस्त्यानं सापडली, पायात चप्पल नाही. तो इसरला. मी नाही इसरली.

सांजेले कोरा कागद तिच्यापुढं ठेवला. म्हणे, "कायले आजी, बाबा लिवतीन न." वेणीबी नाही घातली आज.

अशा वक्ती वाटते विलासले लहानपनी दोन झापडा जास्त द्याले पायजे होत्या.

१५ जुलै, सोमवार

मॅडमनं कागद पाहिला. छान म्हणे, खूपच छान. डॉक्टरले दाखवते म्हणे, गोळीचं पाहू. मले इचारलं, सही तुमचीच न आजी?

मी म्हनलं, "सही माही आहे. बाकी एकबी अक्षर पोरीचं नाही."

विलास जमिनीत पाहे. मॅडम रागावल्या नाहीत, मले त वाटे विलासले रागवावं. मलेबी रागवावं. गोळी आहे तेवढीच राहीन म्हणाल्या. कोरा कागद प्रणालीपुढं ठेवला. विलास उठला, मी भाईर थांबतो म्हणे.

प्रणाली म्हणे, "बाबाले बसू द्या."

अन् जाळलेलं तेच त्याच्यासमोर लिवलं. पेन दाबून दाबून. मंग कागद त्याच्याकडेच सरकवला. त्यानं वाचला. त्याले आधीच ठाऊक होतं, तरी शेवटची ओळ त्यानं बोट ठेवून दोनदा वाचली. माहा राग गेला नाही.

परतीच्या बसमध्ये तो तिच्या बाजूले बसला, मी मांगं. वरठीच्या थांब्याले त्यानं डबा उघडला. पोळीत भाजी घालून आपल्या हातानं तिच्यापुढं धरली. तिनं घेतली.

मोहाडी आली तरी पोळी तिच्या हातात अख्खीच होती.