तीन मजली कोलोसल

२४ एप्रिल १९९५, लातूर
आमच्या क्लासचे मालक मन्मथ सर. त्यांनी अकरावीची इंग्रजीची बॅच माझ्याकडून काढून घेतली. कारण काय, तर म्हणे मॅडमचे उच्चार किल्लारीचे. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि बसवलं चौकशीच्या टेबलावर. सूडबुद्धी मला मान्य नाही. पण धडा शिकवणं हे शिक्षिकेचं कामच आहे.

२६ एप्रिल
क्लासच्या नव्या तीन मजली इमारतीवर बॅनर लागलं : 'कोलोसल सक्सेस'. सरांना अर्थ विचारला. म्हणाले, लई मोठं. शब्द आला कुठून? म्हणाले, पुण्याहून. छापूनच आलाय.

२७ एप्रिल
लायब्ररीत सापडलं. ऱ्होड्स नावाच्या ग्रीक बेटावर सूर्यदेवाचा अवाढव्य पुतळा होता, कोलोसस. त्यावरून कोलोसल. पुतळा भूकंपात गुडघ्यातून मोडून पडला.
आनंदाने जेवण गेलं नाही. रविवारी उद्घाटन, आभार मानायचे माझ्याकडे. तेव्हाच सांगणार. किल्लारीच्या भूकंपाला अजून दोन वर्षं झाली नाहीत, आमच्याकडची माणसं स्लॅबखाली पाणीसुद्धा पीत नाहीत. इमारत ओस पडेल. सर माफी मागतील. बॅच परत. हेतू अर्थात ज्ञानदानाचा.

३० एप्रिल
आभाराला उभी राहिले तर नेहमीप्रमाणे सगळे जेवायला उठलेले. 'भूकंप' म्हटलं आणि सगळे खाली बसले. पुतळा गुडघ्यासकट पाडला. औशाकडचे मडिवाळप्पा म्हणून पालक उठले. म्हणाले, बाई, आमचं पोरगं वर न्हाई चढायचं. खाली बसवता का बोला. मागून बरेच जण हाव हाव म्हणाले.
सरांनी माफी मागितली तर लगेच द्यायची नाही. दोन दिवस ताटकळत ठेवायचं.

३ मे
सरांनी बोलावलं. माफीवरचं उत्तर पाठ करून गेले. लागलं नाही. अंगणात पत्र्याचं शेड उभं आहे, वर पाटी : 'भूकंपसुरक्षित बॅच'. प्रवेश फुल. वरचे मजले शहरातल्या पोरांनी भरले ते वेगळंच. सर म्हणाले, मॅडम, लई भारी आयडिया दिली तुम्ही, आता खालचं इंग्रजी तुमच्याकडंच. हो म्हटलं. मुलांसाठी.

१० मे
दुपारची बॅच. पत्रा इतका तापतो की खडू घामाने हातात विरघळतो. वर पंख्याखाली सर कोलोससची गोष्ट सांगत होते. माझीच, जोरजोरात. गुडघेसुद्धा सोडले नाहीत.
ठरलं. उद्या राजीनामा, तोंडावर.
सुट्टीत आई डबा घेऊन आली. घामाने भिजलेली मी, तिला दिसलेच नाही बहुतेक. पत्र्याकडे बघत राहिली. म्हणाली, बरं झालं बाई, तुझ्या डोक्यावर स्लॅब न्हाई. आता मला झोप लागंल.
राजीनामा लिहिला नाही.